गल्लीचा पंप
वेलचेरीतील आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचले आणि माझा नवा डिझेल पंप उसना मागण्यास शेजारी दारात जमले. दीड वर्षाच्या मजुरीतून घेतलेली ती वस्तू मला प्राणप्रिय होती. “काल शेषाद्रींना दिलात, त्यांनी आपलं पाणी माझ्या घरात सोडलं!” चंद्रिकाबाई कडाडल्या. “मग काय खिशात भरू, अम्मा?” शेषाद्री उसळले. चंद्रिकाबाईंच्या अपंग सासूबाई घरात टेबलावर निजवलेल्या होत्या. पाणी वीतभरच खाली होते. मी अट घातली, “पंप एका घराला नाही, गल्लीला मिळेल. आपापले पाइप आणा.” अकरा घरांचे पाइप तारेने एकमेकांस जोडून आम्ही कालव्यापर्यंत नेले. पंप धडधडला, तथापि काहीच घडेना. मग कालव्यावरून शेषाद्री ओरडले, “आलं, अण्णा, पाणी आलं!” सायंकाळी फरशी उघडी पडताच सासूबाईंनी आज्ञा केली, “मला उतरवा आणि गल्लीला कॉफी पाजा!”