खात्रीचा प्रश्न

हल्ली चोर हुबेहूब आवाज काढतात, तेव्हा माझा फोन आला तरी आधी खात्री कर, असं मुलानेच आईला बजावलं होतं. त्यामुळे भरदुपारी त्याच्या आवाजात, "आई, मोठ्या लफड्यात अडकलोय, ओटीपी सांग पटकन!" ऐकूनही निवृत्त नर्सबाईंनी शिस्त सोडली नाही.

"आधी सांग, माझा कुठला गुडघा दुखतो?"

"डावा. जिना उतरताना जास्त. शेकतेस ना गं रोज?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगं सुखरूप होतं.

"दवाखान्यातली माझी फाइल चोरून अगदी मन लावून वाचलीस रे, मेल्या," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा असता, तर म्हणाला असता, 'कसला गुडघा?'"