जिरं-गुळाची पुडी

तुळशीचं लग्न लागलं की गोदाबाई दरवर्षी जिरं-गुळाची नवी पुडी बांधायची. तिच्या लेकाच्या, गोपालच्या व्हायच्या लग्नात अंतरपाट सरकल्यावर नवरा-नवरीनं एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचं ते जिरं-गूळ. पुडी कमरेच्या पिशवीत घालून ती बार्शीटाकळीतल्या एकूण एक लग्नाला जायची. दुसऱ्याच्या मंगलाष्टका कानावर पडल्या की जिरं लवकर पावतं, असं तिचं म्हणणं. गूळ पाझरला की जुनी पुडी गाईपुढे जायची आणि पिशवीत नवी यायची. अशा सतरा पुड्या झाल्या. गोपालनं चाळिशी ओलांडली, तरी तिचं आपलं चालूच, "यंदा तुह्यावालं जमते पाय."

आज गोपालच्या वर्गमित्राच्या, बंडूच्या पोराचं लग्न होतं. अंतरपाटाचं एक टोक नेहमीसारखं गोपालच्या हातात होतं. मुहूर्त अगदी तोंडावर आला आणि लग्न लावणाऱ्या महाराजांनी विचारलं, "जिरं-गूळ कोणाजवळ आहे?"

बंडूचा चेहरा उतरला. सगळं आणलं होतं, नेमकं तेवढंच घरी राहिलं होतं.

गोदाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं पिशवीची नाडी सोडली आणि पुडी बंडूच्या हातावर ठेवली.

"घे बाबू. आमच्या घरी आता काय कराचं त्याचं?"



मंगलाष्टका संपल्या, टाळ्या झाल्या, बँड सुरू झाला, तरी गोपालनं आपल्या तोंडासमोरचं अंतरपाटाचं टोक खाली केलं नाही.