भरलेले नऊ

“नऊ,” पोराला चिखलातून वर ओढत हमीसीने मोठ्याने पुकारलं. “आजी, आत किती पोरं होती?”

“भरलेले नऊ,” गथोनी म्हणाली.

“मग झालं की.” त्याने हात वर केला. फावडी थांबली.

घोंगड्यांत गुंडाळलेल्या पोरांवरून गथोनीची नजर फिरली. तिची सहा वर्षांची नात विथिरा त्यांत नव्हती. चहाची पानं खुडायला जाणाऱ्या बायकांची पोरं गथोनी सांभाळायची. सकाळी ती पाण्याला गेली आणि मागे डोंगर खचून पोरांच्या खोलीवर आला.

बचाव पथकाचा म्होरक्या हमीसी किनाऱ्याकडचा, किकुयू नव्हे. किकुयूंची आदिमाता मुंबी, तिच्या लेकी नऊ म्हणायच्या, पण होत्या दहा, हे त्याला कुठून ठाऊक असणार? दहा माणसं असली तरी किकुयू घरात ‘भरलेले नऊ’च म्हणतात. दहा म्हटलं की त्यातलं एक जातं.

गथोनीच्या तोंडून तो आकडा एकदाच निघाला होता. शिरगणतीवाल्याने दटावलं म्हणून. महिन्याच्या आत तिचं तान्हं तापाने गेलं. तेव्हापासून हाताखालच्या प्रत्येक पोराला ती हे बजावत आली होती.

“माझी विथिरा आत आहे,” तिने हमीसीची बाही धरली. त्याने ढिगाऱ्याकडे वळून पुन्हा पुन्हा हाका मारल्या, कान देऊन ऐकलं.

“आजी, तुम्हीच नऊ म्हणालात. इतक्या हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. वरून माती सुटतेय, उगाच माझी माणसं आत घालू का? घाबरून गोंधळलात तुम्ही. नीट आकडा सांगा.”

वर पुन्हा माती घसरली. माणसं मागे सरली. बोललं तर एक जाणार, न बोललं तर विथिरा जाणार. तिने डोळे मिटले.

“दहा.”

फावडी पुन्हा चालली. मोडक्या टेबलाखाली विथिरा सापडली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, साधं खरचटलंही नव्हतं. गथोनीने तिला उराशी घट्ट धरलं.

“एवढ्या हाका मारल्या गं. ओ का नाही दिलीस?”

विथिराने हमीसीकडे भीत भीत पाहिलं आणि आजीच्या कानाशी तोंड नेलं.

“ते मोजत होते ना. नऊ झाले होते. तूच सांगितलंयस, दहावं व्हायचं नाही.”