गाय आली, चारा घाल

मधल्या सुट्टीत अभिमन गुरुजी शाळेच्या ओट्यावर भाकरीचं फडकं सोडत होते, तेवढ्यात भागाबाई आली. लुगड्याचा पदर नीट करून समोर बसली.

"जेवा, गुरुजी, जेवा. मी बसस."

"काय काम काढलंत, अक्का?"

तिने कनवटीचा कागद काढला. घड्या घालून घालून तो मऊ झाला होता. "कौतिकनं पत्र ऊनं. मंगयवारले."

कौतिक तिचा एकुलता एक. लढाई लागली तसा पलटणीत गेलेला.

"मंगळवारी? आज सोमवार की! नजीरभाईने वाचून नाही दाखवलं?" नजीर पोस्टमन गावाला पत्रं नुसती देत नसे, वाचूनही दाखवी.

"तो वाचाले बसना व्हता. मीच सांगं, नको रे भाऊ. मी साक्षर शे. भितीले दाखला लायेल शे मन्हा."

गुरुजींचा घास तोंडातच राहिला.

भिंतीवरचा तो दाखला गुरुजींनीच दिला होता. तशी गुरुजींची नियत काही वाईट नव्हती. पण सहा आठवड्यांत वीस म्हातारेकोतारे साक्षर करून दाखवा, असा वरून हुकूम, आणि अक्षरं काही केल्या कुणाच्या डोक्यात शिरेनात. मग गुरुजींनी युक्ती काढली. एकच धडा सगळ्यांकडून घोकून घेतला. गाय आली. चारा घाल. धार काढ. दूध तापव. कुठल्या शब्दाला बोट कुठे न्यायचं, तेही पढवलं. चुकलं नाही की गुरुजी म्हणत, शाबास. साहेब तपासायला आले तेव्हा भागाबाई पहिली उठली आणि धडाधडा वाचून मोकळी झाली. साहेब खूश. गुरुजींचं नाव छापून आलं. ते कात्रण त्यांच्या ट्रंकेत आहे.

"मग वाचलंत ना?" विचारू नये ते गुरुजींनी विचारलं.

"सहा रोज दखी ऱ्हायनू. सकायले दखस, दुपारले दखस. त्यामा गाय कोठेच नही." मग तिने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "गुरुजी, मन्हा डोया गयात वाटस. साहेबना समोर कसं भराभर वाचं व्हतं मी! चष्मा लागी का?"

गुरुजींना लाज वाटली. थोडीथोडकी नाही. म्हातारीने भांडावं, शिव्या घालाव्यात, असं वाटलं. ती आपली स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसली होती.

त्यांनी हात धुतले. पत्र घेऊन मनात वाचलं.

'तीर्थरूप मातोश्रीस साष्टांग नमस्कार. आमची पलटण पुढे हलवणार आहेत. कुठे, ते सांगत नाहीत. येत्या गुरुवारी सकाळी आमची गाडी पाचोऱ्यास अर्धा तास उभी राहील, असे ऐकतो. रजा नाही, घरी येणे होणार नाही. तू मात्र स्टेशनवर ये. कळण्याच्या भाकरी आण. एकदा तुझे तोंड पाहू दे. मग कधी भेट होईल, देव जाणे.'

पाचोरा तिथून चार कोस. कुणाच्याही गाडीत बसून ती गेली असती. गाडी मिळाली नसती तर चालत गेली असती.

गुरुवार होऊन चार दिवस झाले होते.

"काय म्हनस मन्हा पोऱ्या?"

गुरुजींनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर दोन्ही सांगावं लागलं असतं: गुरुवार गेला, आणि तो कुणामुळे गेला.

"मातोश्रीस नमस्कार," ते म्हणाले. "मी खुशाल आहे. जेवण चांगलं मिळतं. तू काळजी करू नको. रजा मिळाली की येतो."

"बस? इतलंच?" भागाबाईने कागदाकडे पाहिलं. "पान तं पुरं भरेल शे."

"अक्षर मोठं आहे त्याचं."

तिला ते पटलं. गुरुजी सांगतात म्हणजे तसंच असणार. तिने पत्र मांडीवर पसरलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पाठ ताठ करून बसली, वर्गात बसायची तशी.

"म्हना, गुरुजी. मी मांगे म्हनस."

"राहू द्या, अक्का. ऐकलंत ना आता?"

"ऐकं. पन मले वाचनं शे."

गुरुजींनी म्हटलं. तिने मागोमाग म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आत्ते तुम्ही गप बसा," आणि एकटीने सुरू केलं.

"मातोश्रीस नमस्कार. मी खुशाल आहे. जेवण चांगलं मिळतं." घरात सदा शे म्हणणारी म्हातारी वाचताना मात्र आहे म्हणत होती. तेही गुरुजींनीच शिकवलं होतं. बोट ओळीओळीने सरकत होतं. "तू काळजी करू नको. रजा मिळाली की येतो."

बोट थांबलं ते 'पाचोऱ्यास' या शब्दावर.

"ऊनं ना बरोबर? डोया धड शेतस ना मन्हा?"

"बरोबर आहे, अक्का. डोळ्यांना काही झालं नाही."

भागाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने कागदाची घडी घातली, कनवटीला लावली आणि उठली. पण गेली नाही. शाबास म्हणतील म्हणून गुरुजींच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.