वीजघराची विहीर

तीन धुराडी, त्यातलं एक अर्धं पडलेलं. दोन बॉयलर. पत्रे उडालेली कोळशाची शेड. नऊ एकरांवर राख आणि राखेच्या कडेला एक विहीर. माणमधल्या बंद वीजघराच्या आवारात जे होतं, ते दीपमालाने यादीत उतरवलं. जुन्या वीजघरांच्या जागी सौर वीज उभारायचा नवा कायदा आला होता. ती रसायनशास्त्राची पदवीधर. पाहणीला तिलाच पाठवलं होतं.

विहिरीवर गावातली आक्काताई कळशी भरत होती.

"ही हीर बुजवनार म्हनं तुमी?"

"कुंपणाच्या आत येतेय, मावशी."

"मग माझ्या मिलिंदनं काय प्यायचं? टँकरचं लय वंगाळ. हितलं बघ कसं गार, गोड." तिने दीपमालाला तांब्याभर पाजलंच. "दोन वर्सं झाली, डाक्टरला आजार घावंना. मुंबैला मामाकडं धाडला, तर जरा सुदारला. घरी आला आन् परत आडवा. तवापासनं एकाच्या दोन कळशा केल्या मी."

घर पलीकडेच होतं. मिलिंद दारात खाटेवर बसला होता. त्याचे तळवे खरखरीत, घट्ट्यांनी भरलेले.

"कामाचा पत्ता न्हाई, आन् हात बघा हमालाचे," आक्काताई म्हणाली.

मिलिंद हसला. "कळशा आई उचलती, घट्टे मला येत्यात."

कायद्यात एक कलम होतं. आवारातलं पाणी पिण्याजोगं ठरलं, तर ते गावाला खुलं ठेवायचं. दीपमालाने ते दोघांना समजावून सांगितलं. मग बाटली तीनदा विसळून नमुना भरला.

"चांगलं निघंल न्हवं?"

"निघेल, मावशी."

नवव्या दिवशी साताऱ्याच्या प्रयोगशाळेतून पाकीट आलं. ती ते फोडणार, तोच आक्काताईचा फोन आला.

"मिलिंद गेला, बाय. सकाळी."

दीपमालाने पाकीट टेबलावर ठेवलं.

"तेवढी हीर राख. जाताना पानी मागितलं त्यानं. टँकरचं न्हाई पाजलं मी. हितलंच दिलं."

"राखते, मावशी."

तिने फोन ठेवला आणि पाकीट फोडलं.

आर्सेनिक : ०.३८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा : ०.०१.