रणगाड्याची तालीम

नात घरी बसली तर आजोबांचा फायदाच होता. दुपारी कॅरमला भिडू मिळे, चष्मा न शोधता पेपर ऐकायला मिळे, आणि रोज सकाळी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडण्याची जुनी नोकरी आपोआप सुटे. तोटा सगळा नातीचा. सोमवारपर्यंत वर्गात बसली नाही तर वर्ष वाया, असं शाळेनं कळवल्याचं लेकीनं सांगितलं होतं. सांगताना तिनं ताटावरची नजर उचलली नाही.

तरीही तिनं शाळेत जावं म्हणून आजोबा नातीच्या बाजूनं उभे राहिले. फायद्याच्या गणितात ते कच्चेच. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली, पण सुट्ट्या पैशांच्या भांडणात दर वेळी हलका झाला तो त्यांचाच खिसा.

स्वयंपाकघरातल्या आगीला काही महिने होऊन गेले होते. नातीचा, म्हणजे बिट्टीचा, डावा गाल, मान आणि खांदा भाजला होता. जखमा भरल्या, पण कातडी तांबूस आणि सुरकुतलेली राहिली. आता रोज सकाळी ती आईबरोबर इस्पितळात व्यायामाला म्हणून निघे. नव्या कातडीला ऊन चालत नाही, म्हणून डोक्याला स्कार्फ आणि अंगात पायघोळ कोट. दुपारी परत येई ती भुकेनं वखवखलेली. जेवण झालं की कॅरम.

"बोटांना शाई कसली गं?" आजोबांनी एकदा विचारलं.

हाताचा व्यायाम म्हणून लिहायला लावतात, असं सांगून बिट्टीनं राणी घेतली. वरून कव्हरही घेतलं.

भीती होती ती रणगाड्याची. रणगाडा म्हणजे वर्गातली एक दांडगी मुलगी. तिच्या तोंडाला लागायला मास्तरही कचरत, असं बिट्टी म्हणे. त्यावर इस्पितळातल्या सिस्टरनं म्हणे उपाय सुचवला होता. घरात कुणीतरी रणगाडा व्हायचं, नको नको ते बोलायचं, आणि समोरच्यानं न रडता उत्तर द्यायचं. रोज तालीम.

आजोबांना रणगाडा काही जमेना. पहिल्या दिवशी बरंच खाकरून त्यांनी "तुझी वेणी वाकडी आहे" एवढा बाण सोडला. बिट्टीनं कपाळाला हात लावला. ही आईची तक्रार झाली, टोमणा नव्हे, असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी "थोबाड" हा शब्द कसाबसा उच्चारला आणि पुढचं न बोलता चहा ठेवायला उठले. चहा व्हायला त्या दिवशी फारच वेळ लागला.

शेवटी भूमिका बदलल्या. बिट्टी कमरेवर हात ठेवून आजोबांसमोर उभी राहिली.

"काय गं, तोंडावर हा नकाशा कुणी काढला?"

आजोबा चष्मा पुसू लागले. तिनंच मग कुजबुजून उत्तर पुरवलं. "बघून ठेव. वाट चुकलीस की विचार."

आजोबांनी ते म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, जरा जोरात. आठवड्याभरात एकेक उत्तर त्यांना असं पाठ झालं की तिकिटाचे दरही कधी तसे झाले नसतील. तालीम रंगात आली असताना दूधवाला आला, तर दार उघडायला मात्र बिट्टीलाच जावं लागे. आजोबांचे गुडघे दुखत.

रविवारी बिट्टीनं अट घातली. शाळेत जाईन, पण आजोबा सोडायला येणार असतील तरच.

आजोबांनी गुडघे पुढे केले. याच गुडघ्यांवर घरभर दिवसभर येरझाऱ्या चालतात, हे तिनं दाखवून दिलं. मग त्यांनी सर्दी काढली. सर्दी तर कायमचीच होती. माकडटोपी त्यांनी भर उन्हाळ्यातही उतरवली नव्हती.

"मी स्कार्फ काढते," बिट्टी म्हणाली. "तुम्ही टोपी काढा."

लेक दारात उभी होती, ती आत निघून गेली. आजोबा बराच वेळ कॅरमच्या सोंगट्या डब्यात भरत राहिले.

सोमवारी ऊन चढायच्या आत दोघं निघाले. टोपी खुंटीवर राहिली. आजोबांचा डावा कान अर्धाच होता, आणि डावा गाल बिट्टीसारखाच, तांबूस आणि सुरकुतलेला. आगीतून बाहेर येताना त्यांनी तिला उराशी धरलं होतं, उजव्या गालाला उजवा गाल घट्ट लावून. दोघांचे तेवढेच वाचले. इस्पितळातून परतल्यापासून म्हाताऱ्यानं उंबरठा ओलांडला नव्हता.

बेकरीवाल्याचा पाव देता देता हात थांबला. बसथांब्यावरची दोन माणसं बोलायची थांबली. कोण कुणाचा हात धरून चाललंय, ते सांगणं कठीण होतं. तेवढ्यात जाणाऱ्या बसमधून कुणीतरी "कंडक्टरसाहेब!" अशी हाक मारली. आजोबांनी मान वळवली, डावा गाल तिकडेच होता, आणि हात वर केला. त्यानंतर त्यांची चाल जरा लांब पडू लागली.

फाटकाशी, कमरेवर हात ठेवून, रणगाडा उभी होती. ओळख करून द्यावी लागली नाही. आजोबांनी नातीला मागे घेतलं, आणि त्या पोरीनं तोंड उघडायच्या आत डावा गाल पुढे केला.

"नकाशा आहे. बघून ठेव. वाट चुकलीस की विचार."

रणगाड्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बिट्टीकडे, आणि दोघींनाही हसू आवरेना.

"हे तर हिनं मला पहिल्याच दिवशी ऐकवलंय, आजोबा. आलात एकदाचे, बरं झालं. तुमच्या कॅरमपायी ही दोन महिने मधल्या सुट्टीत घरी पळतेय, आणि दुपारच्या खेळात हिचं कप्तानपद मी ओढतेय."