कागदाचा माथा

येरवड्यातल्या त्या शाळेच्या फाटकासमोर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून नंदानं इंग्रजी निबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं. शेवटचा सराव. रावसाहेबमामानं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. वाक्य झकास असावं. मामाला इंग्रजी कळत नव्हतं, तो फक्त कागदाचा माथा बघायचा. माथ्यावर, बरोब्बर मध्यभागी, श्री.

"लिहिलास परत?"

नंदानं खाली बघितलं. कधी लिहिला, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

बँकेच्या भरतीची परीक्षा. बाकीच्या पेपरांत नुसते गोल काळे करायचे, तिथं देवाला जागाच नव्हती. इंग्रजीचा हा वर्णनात्मक पेपर मात्र कोऱ्या कागदावर हातानं लिहायचा. निबंध, पत्र, सारांश. आणि सूचनेत साफ म्हटलेलं, उत्तरपत्रिकेवर नाव, खूण, देवाचं नाव, काहीही दिसलं की पेपर बाद. गेल्या खेपेला नंदाचा याच पायी बाद झाला होता. यंदा वयाची मर्यादा संपत होती.

वाशीमहून वारज्याला मामाकडे राहायला आल्यापासून तिचं इंग्रजी सुधारलं, हात काही सुधारला नाही. मामाचं बुधवार पेठेत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. अडकलेली कॅसेट सोडवण्यात हयात गेलेला माणूस, त्यानं इथंही सगळं करून पाहिलं. दर श्रीला एक वाटी कारल्याचा रस पाजला. शेवटी मामी कारली आणायची थांबली, श्री थांबला नाही. मग कागदाची वरची पट्टीच फाडून दिली. तर उरलेल्या कागदाच्या माथ्यावर श्री.

फाटक आता उघडणारच होतं. आजूबाजूला पोरंपोरी "उदारीकरण, शाप की वरदान" पुटपुटत येरझाऱ्या घालत होती. एक जण कॉम्प्युटर क्लासची पत्रकं वाटत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, बँकेत आता काय ठेवलंय, सी प्लस प्लस करा, अमेरिकेला जा. नंदाचे डोळे भरून आले. मामा, घरी जाऊ, म्हणाली. पहिलीत आजोबांनी हात धरून शिकवलेला श्री आहे तो, त्याच्याशिवाय पेन पुढं सरकतच नाही.

मामानं डोकं खाजवलं. मामानं डोकं खाजवलं की घरातले लोक सावध व्हायचे. मग त्यानं नंदाकडं पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि ओणवा झाला.

"लिही."

"कुठं?"

"शर्टावर. एका पेपराला एकच श्री लागतो ना तुला? तो इथं लिही. आत हात वर जायला लागला की त्याला सांग, झालंय."

शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. मामी मारेल, नंदा म्हणाली. मामा ओणव्यानंच म्हणाला, मारेल तर मला मारेल, तू आटप.

तिनं लिहिला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, सावकाश, वेलांटी नीट खालपर्यंत ओढून. लिहून झाल्यावर तिनं सोडलेला श्वास मामाला मानेवर लागला.

शेजारी अभय नावाचा एक पोरगा पुटपुटणं थांबवून हे बघत होता. काका, माझं पण तेच होतं हो, म्हणाला. पान कोरं दिसलं की आधी 'जय भीम' पडतं. चालेल का? मामा म्हणाला, विचारतोस काय, डावा खांदा मोकळा आहे. त्याच्यामागून शेख आडनावाचा एक उंच पोरगा आला, ७८६ लिहून गेला. वडगाव शेरीच्या एका मुलीनं बारीकसा क्रूस काढला. मामाला गुदगुल्या झाल्या, तर हलू नका म्हणून तिनं त्यालाच दटावलं. बघता बघता रांग लागली. शेवटच्या पोरानं कमरेपाशी, दुसऱ्या हातानं झाकून काहीतरी लिहिलं. मामानं नंदाला वाचायला लावलं. पायल.

"हे कुठलं दैवत रे?"

"अजून प्रसन्न व्हायचंय, काका."

घंटा झाली. फाटक उघडलं, फुटपाथ रिकामा झाला.

वर्गात नंदापुढं उत्तरपत्रिका आली. तिचा हात निघाला तो थेट माथ्याकडं. तिथं पोचून थांबला, कुलूप लावलंय ना, असं जिन्यात आठवणाऱ्या माणसासारखा. लावलं होतं. हात खाली पहिल्या ओळीवर आला आणि चालायला लागला. अर्धं पान झाल्यावर नंदानं धीर करून वर बघितलं. माथा कोरा. डोक्यावरचा पंखा केव्हापासून फिरत होता, पण गार तिला आत्ता वाटलं. मग तिनं वर बघितलंच नाही.

बाहेर फाटकावरच्या वॉचमननं मामाला आपली खुर्ची दिली. मामा तिच्यावर फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला. ऊन चढलं. पत्रकवाला पत्रकं काखेत मारून निघून गेला. मामा तसाच. वॉचमनला राहवेना.

"टेका की जरा. किती वेळ असे बसाल?"

"नको," मामा म्हणाला. "आत पेपर चालू आहे."